"खोललंयच तर बदलून टाकूया" म्हणत ५४,५५० घेतले, त्यातले ८,९०० गाडीत नसलेल्या बेल्टचे

हे लिहायला दोन महिने गेले, कारण लाज वाटत होती. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांची कास्टिंग रिजेक्ट करतो, आणि माझ्याच गाडीत काय बसवलं ते मी बघितलं नाही. कंपनीत अजून कुणाला बोललेलो नाही. पण परवा शेजारचे काका फोनवर गॅरेजवाल्याशी बोलत होते, "हां हां, खोललंयच तर घाला की तेपण", ते ऐकलं आणि पोटात गोळा आला. म्हणून लिहितोय.

गाडी डिझेल स्विफ्ट, २०१४ ची, १,२१,००० किलोमीटर झालेली. करूळ घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायची नाही, म्हणजे क्लच गेलाय हे मलाही कळत होतं. उद्यमनगरच्या बाजूला एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलानं नको म्हणून सांगितलंय. मिस्त्रीनं हिशेब दिला: क्लच सेट ९,२००, क्रँकचं मागचं ऑइल सील ८५०, फ्लायव्हील फेसिंग १,८००, गिअर ऑइल १,१५०, लेबर ४,५००. एकूण १७,५००. मी १५,००० ॲडव्हान्स दिले.

आता इथपर्यंत सगळं बरोबरच होतं, हे नीट समजून घ्या, कारण फसवणारा खऱ्यापासूनच सुरुवात करतो. गिअरबॉक्स उतरवायचं लेबर हाच मोठा खर्च असतो, त्यामुळं त्याच्या मागं दडलेलं आठशे रुपयांचं सील त्याच वेळी बदलणं शहाणपणाचंच आहे, नाहीतर सहा महिन्यांनी तेल गळून नवी क्लच प्लेट खराब होते आणि परत तेच लेबर. रिलीज बेअरिंग सेटमधेच येतं, तेही जुनं ठेवू नये. हे मला माहीत होतं म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "साहेब, गाडी खोललीयाच तर टायमिंग बेल्ट पण घालून टाकूया, लाखाच्या वर गेलीया, वाटंत तुटला तर व्हॉल्व्ह वाकत्यात, इंजिनच बसतंय." टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद व्हावेत म्हणून असतो तो पट्टा. त्याच दमात वॉटर पंप, चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मची जोडी, दोन व्हील बेअरिंग, आणि इंजिन ज्यावर बसतं ते तीन माउंट. मी शिफ्टवर होतो, मागं मशिनचा आवाज, आणि चार दिवसांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला. गाडी आईला घेऊन जाणार, वाटेत बंद पडली तर? एवढं एकच डोक्यात होतं. मी म्हणालो घाला. ज्याच्या घरात असं काही चालू असेल त्याला कळेल मी का म्हणालो ते.

पण खरा राग मला त्यानंतरच्या संध्याकाळचा येतो. सुट्टी झाल्यावर मी स्वतः गॅरेजवर गेलो होतो. बाकावर बेल्टचा डबा होता, मी हातात घेतला, आणि त्यावर डस्टरचं, म्हणजे रेनॉच्या दुसऱ्याच गाडीचं, नाव होतं. मी वाचलं. विचारलंसुद्धा, "मिस्त्री, हा डस्टरचा दिसतोय?" तो वर न बघता म्हणाला, "डिझेलला सगळ्यांस्नी त्योच लागतोय साहेब." आणि मी डबा खाली ठेवला. रोज ड्रॉइंग नंबर जुळला नाही म्हणून अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस मी, आणि तिथं गप्प बसलो. जुने पार्ट मागितले तर एक तुटका काळा बेल्ट दाखवला, बाकीचे "भंगारात गेले". त्या बेल्टचा मी फोटोही काढला, बायकोला पाठवला, बघ वेळेत बदलला म्हणून. तो फोटो अजून चॅटमध्ये आहे.

शेवटचं बिल ५४,५५०. वरचे जास्तीचे: बेल्ट किट ८,९००, पंप ४,६५०, लोअर आर्म ५,८००, माउंट ६,३००, बेअरिंग ४,४००, आणि लेबर ४,५०० चं ११,५०० झालेलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणे अठरा टक्के वर लागतील, म्हणजे ९,८१९ रुपये. एवढे कुठून आणायचे, ऑपरेशन तोंडावर, मी कच्च्या कागदावर तयार झालो. सगळेच होतात. पण कच्च्या बिलावर ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर, आणि त्याच कागदामुळं पुढं प्रत्येक ठिकाणी मला ऐकून घ्यावं लागलं. पक्कं बिल घ्या. महाग पडलं तरी घ्या.

आईला घेऊन मिरजेहून परत येताना जयसिंगपूरजवळ टेम्परेचरचा काटा वर गेला. मागच्या सीटवर आई, पाय लांब करून, पट्टी बांधलेली, दुपारचं ऊन, आणि बॉनेटमधून वाफ. वॉटर पंप गळत होता, सहा दिवसांपूर्वी "बदललेला". तिथल्या वयस्कर मिस्त्रीनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो पंप कंपनीतनं आलेलाच हाय, बोल्टाला पाना बी लागलेला न्हाई." मी बिल दाखवलं. त्यांनी बेल्टच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतोय. चेन असतीया."

१.३ लिटरचं ते फियाटचं डिझेल इंजिन, स्विफ्टला, डिझायरला, रिट्झला, सगळ्यांना तेच होतं, आणि त्याला चेनच आहे. ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा बेल्ट त्यात नाहीच, ऑइल वेळेवर बदलायचं आणि चेनचा खडखडाट येतोय का ऐकायचं. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट असतो, तिथं टेन्शनर-आयडलरसकट (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुली) किट वेळेवर बदललंच पाहिजे, तिथं मिस्त्री घाबरवतो ते खोटं नाही. तुमच्या गाडीला काय आहे ते आज रात्री बघून ठेवा.

गाडी वर घेतल्यावर बाकीचं निघालं. लोअर आर्म जुनेच, चिखलावरच काळा स्प्रे मारलेला. बेअरिंग जुनी. तीनपैकी एकच माउंट नवा. म्हणजे न घातलेल्या पार्टचे २७,९५०, लेबर वेगळं. नवीन पंप, कूलंट आणि मजुरी धरून त्या माणसानं ३,९०० घेतले आणि जुना पंप न मागता पिशवीत घालून दिला. आईसाठी खुर्ची आणि चहा मागवला. त्यांच्या गॅरेजात मला रडू आलं.

व्हील बेअरिंग किलोमीटर बघून बदलत नाहीत, घूंऽऽ आवाज आल्यावर बदलतात. लोअर आर्म बाहेरच असतात, कधीही निघतात, गिअरबॉक्स उतरवण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

पहिल्या गॅरेजवर गेलो तर आधी "पोरानं घोळ केला", मग "तुमी सही केलीया", मग नंबर ब्लॉक. पोलीस ठाण्यात गेलो, तिथं हद्द दुसरी म्हणाले. दुसऱ्या ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं आणि म्हणाले हे दिवाणी आहे. अहो, नसलेल्या पार्टचे पैसे घेणं दिवाणी कसं? तुटका बेल्ट दाखवून ८,९०० घेतले, ही व्यवहारातली कुरबूर आहे का? अर्ज घेतला पण पोच दिली नाही, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. चार वेळा गेलो, चार हाफ डे गेले. एकानं तर तोंडावर विचारलं, शिकलेले आहात ना, बघून घ्यायचं नाही का. मला विचारतो! त्याला जाऊन विचार की, जो रोज कुणाचीतरी गाडी अशी खोलून बसलाय. आणखी एका कार्यालयात टेबलावरच्या बाईंनी कच्चं बिल दोन बोटात धरून परत दिलं आणि म्हणाल्या, हे काय चालत नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्या रजेवर.

शेवटी वकिलाच्या ओळखीनं ग्राहक आयोगात तक्रार टाकली. हे तरी कुणीतरी आधी सांगायला हवं होतं: ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीतही बोलता येतं. यूपीआयचे दोन्ही स्क्रीनशॉट, १५,००० आणि ३९,५५०, माझ्याकडं होते म्हणून बरं, कॅश दिली असती तर तेवढाही पुरावा राहिला नसता.

गाडी सोडायच्या आधी पंपावर, आर्मवर पांढऱ्या मार्करनं खूण करा आणि फोटो काढा. जुने पार्ट कामाच्या आधीच "मला पाहिजेत" म्हणून सांगा, नंतर नाही. आणि फोनवर हो म्हणू नका, कितीही घाई असू दे, व्हॉट्सॲपवर लिहून मागा, पार्ट नंबरसकट.

जयसिंगपूरच्या मिस्त्रींनी लिहून आणि सही करून दिलंय, की हा पंप मूळचाच होता. तारखेला यायलाही तयार आहेत, दिवसाचा धंदा बुडवून. पंप पिशवीतच ठेवलाय, पुसलेला नाही.