व्हेरिकोज व्हेन्सचे मोजे ७ महिने वापरले, त्या सिलिकॉनच्या पट्टीबद्दल आधी वाचा

नाशिकच्या मेनरोडला कापड दुकानात १४ वर्षं झाली, दिवसभर उभंच. डाव्या पोटरीच्या नसा कधीच्याच फुगल्या होत्या पण दिवाळीच्या गर्दीत घोटा एवढा सुजला की चप्पल जाईना, मग गेलो डॉक्टरकडे. उभं करून डॉपलर केलं, म्हणजे नसेतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, मांडीतल्या मोठ्या नसेच्या झडपा लीक, वर जायचं रक्त परत खाली उतरतंय. क्लास २ चे मोजे लिहून दिले, म्हणजे पायावर २३ ते ३२ एमएम एचजी दाब देणारे. लेझरने नस बंद करायचंही बोलले होते, मी कानाआड केलं.

मांडीपर्यंतची जोडी घेतली २६०० ला. वरच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असते, तीच सगळ्या त्रासाचं मूळ. जरा घाम आला की सुटते, गुंडाळी होत होत गुडघ्याच्या मागे येते आणि दोरीसारखी काचते. एका हातात साडी, दुसऱ्या हाताने पॅन्टवरून मोजा ओढतोय, समोर गिऱ्हाईक. डॉक्टर म्हणाले अशी गुंडाळी राहू देऊ नका, रक्त तिथेच अडतं. म्हणजे ज्यासाठी घेतलं त्याच्या उलटंच की!

परत करायला गेलो तर वापरलेला माल घेत नाही म्हणे. मान्य, पण माप कोणी घेतलं? त्यांच्याच माणसाने, संध्याकाळी ७ वाजता, सुजलेल्या पायावर आणि तेही पॅन्टवरून. मी टेपवर पोट भरतो, मला याचा फार राग आला. माप सकाळी उघड्या पायावर घ्यायचं, घोट्याला सगळ्यात बारीक जागी, पोटरीला सगळ्यात जाड जागी, मांडीपर्यंतचा असेल तर मांडीचंही.

इथपर्यंत मोजे म्हणजे पैसे पाण्यात असंच माझं मत होतं. मग डॉक्टरांनीच सांगितलं गुडघ्याखालचे घ्या, तुम्हाला चालतील. सकाळी घरी माप घेतलं आणि गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारातून १५०० ला आणले, आणि खरं सांगतो, संध्याकाळचं पायाचं जडपण निम्म्याहून कमी झालं. अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की ओढायला सोपं जातं. हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे.

पण ६ महिन्यांत इलास्टिक मेलं, बोटाला लगेच कळतं. म्हणजे वर्षाला ३००० धरा, आणि मोजे काढले की सूज परत, कारण झडप काही दुरुस्त होत नाही. त्यात घोट्याजवळची कातडी तपकिरी व्हायला लागली, खाज पण. डॉक्टर म्हणाले ही जखमेच्या आधीची पायरी.

तेव्हा नीट विचारलं सगळं. लेझर किंवा आरएफए (रेडिओ लहरींची उष्णता) म्हणजे नसेत बारीक तार घालून उष्णतेने ती आतून बंद करायची, त्याच दिवशी चालत घरी. ग्लू, म्हणजे नस आतून चिकटवून टाकायची, तो महाग पडतो. फोमचं इंजेक्शन मुख्यतः छोट्या फांद्यांना, मोठ्या नसेत केलं तर परत उघडायची शक्यता जास्त. नस ओढून काढायचं जुनं ऑपरेशन मला नकोच.

माझ्या मेडिक्लेम पॉलिसीत याला २ वर्षांचा वेटिंग पिरियड आहे, तोवर क्लेम मिळत नाही, तो पुढच्या महिन्यात संपतो. तोवर जखम नसेल तर थांबायला हरकत नाही म्हणाले, म्हणून लेझर त्यानंतर.

शुगर असेल किंवा पाय गार पडत असतील तर मोजे घालण्याआधी धमन्या तपासून घ्या, नुसते दुकानातून आणून घालू नका.

लेझरनंतर काही दिवस परत मांडीपर्यंतचा मोजा लागणार. मी पहिलं पट्टीचंच विचारलं. कमरेला पट्टा असलेला येतो म्हणाले, तोच घेणार, माप सकाळी.