हिकपिक्सचं छापील पुस्तक: युनिट शिकायला उत्तम, शेवटचा शब्द मात्र नाही

बी.फार्म. झाल्यावर दोन वर्षं मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये होते. मोनोसेफ, म्हणजे सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक, एक ग्रॅम दिलं की बिलावर एक व्हायल, विषय संपला. आता पाच वर्षं हिंजवडीत अमेरिकी हॉस्पिटलांचं आउटपेशंट कोडिंग करते, म्हणजे दाखल न झालेल्या पेशंटचे उपचार विम्यासाठी कोडमध्ये लिहिते. तेच सेफ्ट्रायाक्सोन, तेच एक ग्रॅम, पण विम्याच्या क्लेमवर ४ युनिट. कारण त्याचा कोड जे०६९६ हा २५० मिलिग्रॅमचा आहे.

व्हायल मोजायची सवय मोडायला मला एचसीपीसीएस लेव्हल टू, म्हणजे औषधं-साहित्याच्या अमेरिकी बिलिंग कोडच्या यादीच्या, पुस्तकाने सगळ्यात जास्त मदत केली. आमच्या फ्लोअरवर सगळे त्याला हिकपिक्सच म्हणतात. पहिलं वर्षभर मी त्यातला औषधांचा तक्ता उघडाच ठेवायचे: औषधाचं नाव, किती मात्रेला एक युनिट, शिरेतून की स्नायूतून, आणि कोड. चार्टमध्ये कुणी झोसिन लिहितं, कुणी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. तक्त्यात दोन्ही नावांनी शोधता येतं.

अँटिबायोटिकमध्ये प्रत्येकाचं माप वेगळं, म्हणूनच हा तक्ता हवा. मेरोपेनेम १०० मिलिग्रॅमला एक, म्हणजे एका ग्रॅमला १०. झोसिन १.१२५ ग्रॅमला एक, म्हणजे ४.५ ग्रॅमला ४. जेंटामायसिन '८० मिलिग्रॅमपर्यंत', म्हणून ६० दिलं तरी १ आणि १२० दिलं तर २. डॅप्टोमायसिन एका मिलिग्रॅमला एक! सत्तर किलोच्या पेशंटला किलोमागे ६ मिलिग्रॅम दिलं की ४२० युनिट लिहावे लागतात. नव्या माणसाचा हात तिथे थरथरतो, पण आकडा बरोबर असतो. सुरुवातीला मी मेरोपेनेम एका ग्रॅमला १ युनिट लावलं होतं. ऑडिटमधून ते परत आलं, त्या दिवसापासून मी युनिट दोनदा तपासते. मेडिकेअर हा अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा; त्याच्या पार्ट बीमध्ये डॉक्टरांकडे घेतलेल्या इंजेक्शनच्या मान्य रकमेतले २० टक्के साधारणपणे पेशंटच्या वाट्याला येतात. आकडा फुगला तर तो फुगवटा एखाद्या आजीबाईंच्या बिलावर जातो, हे मला खरंच लागतं.

आता उणिवा. तक्त्यावरून थेट कोड उचलू नका. जानेवारी २०२३ मध्ये एकाच औषधाचे कंपनीनुसार वेगळे असे बरेच कोड आले. सेफाझोलिनचा नेहमीचा जे०६९०, पण बॅक्स्टरच्या सेफाझोलिनला जे०६८९. दोन्ही ५०० मिलिग्रॅमचे, फरक फक्त पूर्ण वर्णनात. त्यामुळे आधी चार्टमधला एनडीसी, म्हणजे कंपनी आणि औषध ओळखणारा नंबर, बघायचा, मग जे-कोडच्या पानावर जाऊन अख्खी ओळ वाचायची. माझ्या प्रतीच्या तक्त्यात या जोड्या ठळक केलेल्या नाहीत. मी पिवळ्या हायलायटरने स्वतः केल्या.

वाया गेलेल्या औषधाचं तर फारच थोडक्यात उरकलंय. डॅप्टोमायसिनची ५०० ची एकदाच वापरायची व्हायल फोडली, ४२० दिलं, ८० टाकून दिलं, तर दोन ओळी लागतात: एक ४२० ची, दुसरी ८० ची जेडब्ल्यू मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरं) लावून. काहीच वाया गेलं नाही तर जेझेड, आणि तो १ जुलै २०२३ पासून सक्तीचा आहे. पुस्तकात मॉडिफायरची एकेक ओळ मिळते, असं सोडवलेलं उदाहरण नाही. शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

शिवाय पुस्तक वर्षातून एकदा छापलं जातं आणि कोड दर तिमाहीला बदलतात. मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या फाइली फुकट मिळतात. मी त्या उतरवून घेते आणि बदललेल्या कोडवर पुस्तकात पेन्सिलीने तारीख टाकते.

फक्त इनपेशंट करणाऱ्यांनी पैसे घालू नयेत. तिथे मेडिकेअर डीआरजीनुसार, म्हणजे आजार-उपचाराच्या गटानुसार, एकरकमी देते, अँटिबायोटिक त्यातच आलं. इन्फ्युजन किंवा आउटपेशंटला बसणार असाल तर जरूर घ्या, मात्र चालू वर्षाची आवृत्ती बघूनच. जुनी प्रत स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. २०२२ च्या प्रतीत जे०६८९ सापडणारच नाही.