स्लायडिंग पॅनेल सॉ : सव्वा वर्ष वापरल्यानंतर

पॅनेल सॉ, म्हणजे प्लाय-बोर्डच्या मोठ्या शीट सरकत्या टेबलावर ठेवून कापायचं मशीन, घेतल्याचं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न, "केवढ्याला पडला?" तर मशीन तीन लाखांच्या थोडं वर, त्यावर १८ टक्के जीएसटी. कोटेशनमध्ये डस्ट कलेक्टर नव्हता, पाती नव्हती, ट्रकमधून उतरवायला लागणारी हायड्रा क्रेन नव्हती आणि वाढीव लोडचं वायरिंगही नव्हतं. हे सगळं धरलं तर मशीनच्या किमतीच्या वर आणखी चौथा हिस्सा सहज जातो. जीएसटी नोंदणी असेल तर कर वळता होतो, नसेल तर तोही खिशातून.

नाशिकला अंबडमध्ये आमचं मॉड्यूलर किचन आणि वॉर्डरोबचं छोटं वर्कशॉप आहे. माल बहुतेक १८ मिमी प्री-लॅम (वरचा थर आधीच चिकटवलेला बोर्ड), थोडा प्लाय. मशीन भारतीय ब्रँडचं, कॅरेज (शीट ठेवून सरकवायचं टेबल) ३२०० मिमी, पातं ४५ अंशांपर्यंत कलतं, मुख्य मोटर साडेसात एचपी आणि स्कोरिंगची, म्हणजे आधी चीर पाडणाऱ्या छोट्या पात्याची, एक एचपी. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीची चार-पाच मशीन पाहिली, त्यांच्यातला फरक नावात कमी आणि कॅरेजमध्ये जास्त होता.

बाजारात साधारण तीन थर आहेत. डीलरने स्वतःचं स्टिकर लावलेलं चिनी मशीन दोन लाखांच्या आसपास मिळतं. ज्यांचा सर्व्हिसवाला माणूस महाराष्ट्रात आहे अशी मशीन अडीच ते साडेतीन लाखांत येतात. त्यावर अल्टेनडॉर्फ, फेल्डर, एससीएम ही युरोपियन मशीन. त्यातलं चांगलं मॉडेल नवं घ्यायचं तर त्या पैशांत आमच्यासारखी चार-पाच मशीन येतील. १९०६ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म अल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाचा सॉ काढला, आजची सगळी मशीन त्याच कल्पनेवर चालतात. मग एवढे पैसे कशाचे, हे मला भोसरीतल्या एका मित्राकडचं सेकंडहँड अल्टेनडॉर्फ चालवल्यावर कळलं. वर्षानुवर्षं भुसा खाल्लेली त्याची कॅरेज अजून एका बोटाने सरकते, आणि पूर्ण बाहेर काढून टोकाला हात टेकवला तरी लवत नाही.

शोरूममधलं नवं मशीन कुठलंही असो, बोटाने सरकतंच. त्यामुळे ती परीक्षा फुकट. कॅरेज टोकापर्यंत ओढा, टोकावर वजन द्या आणि पात्याजवळ डायल (केसभर हालचालही दाखवणारं काट्याचं माप) लावून काटा किती हलतो ते बघा. आठ बाय चारची १८ मिमी प्री-लॅम शीट ३५-४० किलोची असते, ती दिवसभर तिथेच आदळणार आहे. स्वस्त मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवलेल्या गोल सळ्यांवर बॉल धावतात. सळी नीट कडक केलेली नसेल तर काही महिन्यांत तिच्यावर रेघ पडते आणि कॅरेज एका ठरावीक जागी अडखळू लागते. आमच्या कॅरेजला अजून रेघ नाही, पण टोकाला थोडी ढील आली होती, ती एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून काढली. सळ्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. भुसा चिकटून त्याचा लगदा होतो. रोज कोरडं फडकं मारा, बास.

गुण्या (काटकोन) तपासायला आम्ही पाच कटांची पद्धत वापरतो. साधारण चौरस तुकडा घ्यायचा, प्रत्येक कटानंतर कापलेली बाजू क्रॉसकट फेन्सला (कॅरेजवरच्या आडव्या टेकूला) टेकवत चारही बाजू कापायच्या, आणि पाचव्या कटाला पहिल्याच बाजूची पट्टी काढायची. पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीतला फरक भागिले चार, म्हणजे तेवढ्या लांबीतली चूक. आठशे मिमीच्या पट्टीवर आमचा फरक ०.४ मिमी येतो, म्हणजे चूक ०.१ मिमी. कॅबिनेटला एवढं पुष्कळ झालं. जुन्या मिस्त्रींना हा हिशोब आधी चेष्टेचा वाटला, कारण त्यांच्या भाषेत सूतभर फरक म्हणजे तीन मिमी. आता फेन्स हलवली की तेच आधी तुकडा मागतात. मित्राच्या अल्टेनडॉर्फची फेन्स काढून परत बसवली तरी गुण्या जागेवर येतो. आमची काढली की पुन्हा तपासावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ स्कोरिंग खातं. १२० मिमीचं छोटं पातं पुढून लॅमिनेटला एक-दोन मिमीची चीर पाडतं, मागून ३०० मिमीचं मोठं पातं येतं. चीर मोठ्या पात्याएवढी किंवा केसभर जास्त रुंद हवी. कमी असली तर चिपिंग (कडेचे टवके उडणं), जास्त असली तर कडेला पायरी, आणि ती एज बँडिंगनंतरही (कडेला पट्टी चिकटवल्यावरही) डोळ्यांना दिसते. गंमत अशी की मोठ्या पात्याला धार लावली की त्याची रुंदी किंचित कमी होते, म्हणजे धारेनंतर दर वेळी स्कोरिंगची रुंदी ठरवणाऱ्या शिम (पातळ चकत्या) बदलायच्या. हे कुठलाच सेल्समन सांगत नाही. आता आम्ही एका मोठ्या पात्याची आणि एका स्कोरिंगची जोडी ठरवून ठेवली आहे आणि दोन्ही पाती धारेला एकत्रच जातात.

पात्याच्या बाबतीत कंजुषी करू नका. ९६ दातांचं, टीसीजी (एक आड एक सपाट आणि कोपरे छाटलेल्या) दातांचं, ३.२ मिमी रुंदीचं चांगलं पातं चार-पाच हजारांचं, आणि आमच्याकडे अशी तीन फिरती असतात. मशीनसोबत फुकट आलेलं पातं आता फक्त जुन्या प्लायला वापरतो. पार्टिकल बोर्ड धार फार लवकर मारतो, एमडीएफ त्या मानाने बरा.

सर्व्हिस ठीकठाक. कंपनीचा माणूस फोनवर लगेच येतो, सुटे भाग मात्र येत नाहीत. स्कोरिंगचा पट्टा तुटला तेव्हा तसा सपाट पट्टा नाशिकच्या बेल्टच्या दुकानांत कुठेच मिळेना. कंपनीकडून यायला दोन आठवडे लागले आणि तोवर प्री-लॅमचं काम बाहेर जॉबवर्कला दिलं. मशीन घेतानाच दोन पट्टे आणि शिमचा एक सेट मागून घ्या, तेव्हा ते फुकटही देतात.

भुश्याला तीन एचपीचा बॅगवाला कलेक्टर लावलाय. टेबलाखालचा भुसा तो ओढतो, पात्याच्या वरून उडणारा राहतोच, त्यामुळे मास्क सुटलेला नाही. वरचं गार्ड आणि पात्यामागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटून पातं अडकू नये म्हणून असलेली पट्टी) मिस्त्री लोक पहिल्याच दिवशी काढून ठेवायला निघतात. गार्डवर वाद झाला, नाइफवर मी होऊ दिला नाही. युरोपात आता कॅमेऱ्याने हात ओळखून पातं टेबलाखाली ओढून घेणारी मशीन आली आहेत, आपल्या किमतीत ती यायला वेळ लागेल.

जागेचा हिशोबही आधी करा. कॅरेज दोन्हीकडे धावते, त्यामुळे लांबीत सात मीटर मोकळे लागतातच. महिन्याला वीस-पंचवीस शीटच कापत असाल किंवा काम साइटवरच चालत असेल तर हे मशीन घेऊ नका. चांगला ट्रॅक सॉ लाखाच्या आत येतो आणि टेम्पोतूनही नेता येतो. आमच्याकडे दिवसाला आठ-दहा शीट जातात, तिथे याने पैसे वसूल केले. दोन लाखांचं घेतलं असतं तर वाचलेले पैसे आतापर्यंत कॅरेजवरच गेले असते, असं ते मशीन घेतलेल्या दोन ओळखीच्यांचं काय चाललंय ते बघून वाटतं. सेकंडहँड युरोपियन मिळालं तर? मिळालं तर जरूर घ्या, फक्त जाताना डायल आणि स्वतःची एक शीट सोबत न्या.