साखर सोडवायच्या कोचिंगमध्ये माझे 48,068 रुपये गेले, कृपया पूर्ण वाचा

महिनाभर लिहू की नको असं चाललं होतं. घरात फक्त ह्यांना माहितीये, आणि त्यांनाही पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तो आज इथेच वाचतील बहुतेक. पण काल आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी मला तीच 99 रुपयांवाली वेबिनारची लिंक पाठवली, "तुमच्या उपयोगाची आहे बघा" म्हणून, आणि माझे हात थरथरायला लागले. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी एक सांगते, मी अडाणी नाहीये. 19 वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर लोकांची बिलं तपासते, ओटीपी कोणाला देत नाही, अनोळखी लिंकवर बोट ठेवत नाही. पण ह्या लोकांनी माझ्याकडे ओटीपी मागितलाच नाही हो. त्यांनी विचारलं, "रात को क्या होता है आपको?" आणि हे मला आजवर कोणीही विचारलं नव्हतं, ना घरच्यांनी, ना डॉक्टरांनी.

रात्री काय होतं ते सांगते, आता लाज धरून काय करू. सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जायचे, लाईट न लावता, साखरेच्या डब्याचं झाकण पदरात धरून उघडायचे म्हणजे आवाज नको, आणि चमचाभर साखर जिभेवर ठेवून विरघळू द्यायचे, चावायची नाही कारण दाणे दाताखाली वाजतात. कंडेन्स्ड मिल्कचा डबा गव्हाच्या कोठीमागे. हे आठवड्यातून एकदा नाही, रोज. आणि आपल्या इंदूरमध्ये हे सांगायचं कोणाला? सकाळी पोह्यांबरोबर जलेबी, रात्री पाहुणे आले की सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात रबडी आणि मालपुवा, गोड नको म्हटलं की लोक विचारतात तब्येत बरी नाही का. दारू सोडणाऱ्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा तरी असतात, साखर सोडणाऱ्याला सगळे हसतात.

माझ्या बाबांचा पाय शुगरपायी कापावा लागला होता, दोन वर्षांनी ते गेले. दिवाळीच्या आधी माझा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबिटीस, 6.5 पासून पुढे डायबिटीस, एवढं आता तोंडपाठ झालंय. डॉक्टर म्हणाले "मीठा बंद, वॉक चालू" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बंद करायची म्हणजे नेमकी कशी, रात्री अकरा वाजता हात थांबवायचा कसा, हे कोणाला विचारायचं? त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली, शुगर अ‍ॅडिक्शनमधून बाहेर या, आम्ही रात्री पण सोबत आहोत. ते "रात्री पण" वाचूनच मी 99 रुपये भरले.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे कसं असतं, वेबिनारमध्ये रडणाऱ्या बायका, "आज रात 12 बजे तक" वाली ऑफर वगैरे. 21 दिवसांचे 4,999 भरले. खरं सांगायचं तर त्या 21 दिवसांत मला बरं वाटलं. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ, मुलीवर उगीच खेकसत होते, आणि ग्रुपवर कोणीतरी लिहायचं की होतं असं, टिकून रहा. म्हणून मग 90 दिवसांचं वन टू वन घेतलं, 18,500 चं, दोन हप्त्यांत, 6,500 आणि 12,000. ह्या 18,500 चं बिल मिळालं नाही. मी, जी ऑफिसात 800 रुपयांच्या स्टेशनरीचं जीएसटी बिल नसेल तर व्हाउचर परत पाठवते, मी मागितलं नाही असं नाही, मागितलं, "हो जाएगा मॅम" म्हणाले, आणि परत विचारायचा मला संकोच वाटला कारण आदल्याच रात्री मी त्या कोच बाईपाशी रडले होते. पैसे पण दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर जात होते, चार नावं झाली. ज्याचा धंदा खरा असतो त्याचं खातं शक्यतो धंद्याच्या नावावर असतं, एवढं लक्षात ठेवा.

आता ती रात्र. 17 डिसेंबर. ही मला राहून राहून टोचते.

बाबांची तिथी होती, खीर केली होती, मी दोन वाट्या खाल्ल्या आणि मग रात्री उरलेलं पातेलं संपवलं, उभ्याने, पळीनेच. मग बाल्कनीत जाऊन कोचला व्हॉइस नोट पाठवली, बाबांच्या पायाची, हॉस्पिटलात ते पायाच्या जागी चादर चाचपायचे त्याची, सगळं. 4 मिनिटं 12 सेकंदांची नोट होती. 11:42 ला गेली. उत्तर आलं तेही 11:42 ला. "मैं आपका दर्द समझ सकती हूं, आप बहुत स्ट्रॉन्ग हैं।" चार मिनिटांची नोट ऐकायला चार मिनिटं तरी लागतात ना? त्या नोटेवरची माइकची खूण निळी सुद्धा झालेली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर होतं हे. मला दिसलं, आणि मला काय वाटलं माहितीये, की किती पटकन उत्तर दिलं बिचारीने, एवढ्या रात्री. मी तिला थँक्यू लिहिलं. एकही नोट कोणी ऐकत नव्हतं तिथे. मी ज्या गोष्टीचे पैसे देत होते, की कोणीतरी ऐकतंय, तीच गोष्ट नव्हती, आणि पुरावा माझ्या हातातल्या स्क्रीनवर होता आणि मी तो बाजूला सारून झोपायला गेले. महिनाभर हेच डोक्यात फिरतंय.

तीन दिवसांनी त्यांनी डिपॉझिट काढलं. 11,000 भरायचे, 60 दिवस साखर शिवली नाही की पूर्ण परत. "पैसा लगा होगा तो हाथ रुकेगा।" मला पटलं, कोणालाही पटेल. आणि चुकून खाल्लंच तर प्रामाणिकपणे सांगायचं आणि 500 भरून तो दिवस वाचवायचा, ते 500 डिपॉझिटमधून कापत नव्हते, वेगळे मागायचे, म्हणजे तुमचं डिपॉझिट शाबूत राहील म्हणे. मी सात वेळा भरले. 3,500. खोटं बोलले असते तर वाचले असते, पण मी सोडायलाच तर गेले होते ना, खोटं कशाला बोलू. संक्रांतीला रामबागेत हळदीकुंकवाला गेले, तिळगुळाची वडी हातावर ठेवली, नाही कसं म्हणणार, तोंडात टाकली आणि बाहेर येऊन चपला घालता घालता 500 पाठवले.

पावडर पण घेतली. गोड खावंसं वाटलं की एक सॅशे पाण्यातून. 2,340 चा एक डबा, तीन घेतले, 7,020. पावडर गोड होती! विचारलं तर म्हणे नॅचरल स्वीटनेस आहे. डब्यावर समोर मोठ्या अक्षरात शुगर फ्री, आणि मागे बारीक अक्षरात घटकांमध्ये पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त तेच. ते पिठूळ गोष्टींपासून बनतं, साखर हे नाव नसतं पण रक्तातली साखर झपझप चढवतं. हे मला फेब्रुवारीत कळलं, सासूबाईंच्या मशीनवर सहज बोट टोचलं तेव्हा. उपाशीपोटी 108, दोन सॅशे घेऊन पाऊण तासाने 171. मग पेन घेऊन बसले आणि डब्यावरच्या एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांच्या लायसन्स नंबरचे आकडे मोजले, 12 निघाले. खरा लायसन्स नंबर 14 आकडी असतो. तुमच्या घरात जो डबा असेल त्याचे आत्ता उठून मोजा.

60 दिवस पूर्ण झाले 18 फेब्रुवारीला. 19 ला डिपॉझिट मागितलं. आधी म्हणाले रिफंडसाठी प्रोसेसिंगचे 2,950 भरा, ते पण परत मिळतील. भरले. हो, भरले, 11,000 अडकलेले असताना माणूस 2,950 भरतो, बाहेरून बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण आता सगळ्यांना सांगते, पैसे परत मिळवायला पैसे भरायचे नसतात आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकायचा नसतो, पिन पैसे पाठवायला लागतो.

20 ला रात्री मी जरा कडक भाषेत मेसेज केला की पोलिसात जाईन. आणि मग जे झालं ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. चॅट उघडी होती माझी, आणि माझ्या जुन्या व्हॉइस नोटांच्या खुणा एकेक करून निळ्या व्हायला लागल्या. तीन महिन्यांच्या. बाबांवालीसुद्धा. दोन महिने कोणी ऐकली नव्हती ती आता बसून ऐकत होते. शेवटी मेसेज आला, "मॅम, आपकी फॅमिली को ये सब पता है क्या?" बस, एवढंच. मी चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही, 24 ला नंबर ब्लॉक झाला.

आता आपल्या व्यवस्थेचं ऐका. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, हा अनऑथराइज्ड व्यवहार होत नाही, आमचा संबंध नाही. अर्ज तरी घ्या म्हटलं, तर म्हणाले आधी पोलिसांचा कागद आणा. ठाण्यात गेले, ते म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. तिकडे गेले तर सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी गेले तर साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला, "मॅडम, रंगपंचमी की गेर हो जाने दो, फिर आना।" गेर, म्हणजे आमच्याकडची रंगपंचमीची मिरवणूक, झाल्यावर गेले. दोन तास बाकावर बसवलं, मग एकाने सगळं वाचलं आणि शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, "मीठा छोड़ने के अड़तालीस हजार दिए हैं इन्होंने," आणि खोलीतले चार पुरुष हसले. माझ्या वयाकडे तरी बघायचं. मी म्हटलं धमकीचा मेसेज आहे हा बघा, तर म्हणे यात धमकी कुठेय, प्रश्न विचारलाय फक्त. फसवणुकीचं कलम आहे ना, आधी 420 होतं, आता नव्या भारतीय न्याय संहितेत 318 आहे, मी घरून वाचून गेले होते, तर उत्तर मिळालं, "आप ही लिख लो फिर।" परत ठाण्यात, परत अर्ज, परत झेरॉक्स. नऊ चकरा झाल्या, ऑफिसच्या सुट्ट्या संपल्या. अर्जावर शिक्का मारून द्यायलासुद्धा रडवलं. ज्याचे पाच लाख जातात त्याचं तरी ऐकत असतील का, देव जाणे.

माझी चूक एवढीच सांगते की बँक आणि ठाणं ह्यांच्यात फिरण्यात मी दिवस घालवले. 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासाला फोन करायचा असतो, पैसा पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं, नाहीतर सायबर क्राइम पोर्टलवर स्वतः तक्रार टाकायची आणि नंबर जपून ठेवायचा. मी टाकली तेव्हा पैसे कधीच पुढे गेले होते. ग्राहकांची हेल्पलाइन 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, ती तयारी चालू आहे माझी. आणि त्यांच्या जाहिरातीत "डायबिटीज जड़ से खत्म" असं होतं, औषध म्हणून असा दावा करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं. स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण नंतर करा, कारण ब्लॉक केल्यावर प्रोफाइल गायब होतं.

सध्या एका डाएटिशियनकडे जाते, 600 रुपये, पहिल्याच दिवशी पावती हातात. त्यांच्या नावापुढे आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, आहे, मी आधी ते तपासलं आणि त्यांना रागही आला नाही. त्या म्हणाल्या की मानसोपचाराच्या डीएसएम-5 ह्या आजारांच्या यादीत साखरेचं व्यसन असा वेगळा आजार नोंदलेला नाही, म्हणून कोणीही उठून त्याचा कोच होतो, पण तुमचा त्रास खोटा नाही. हे ऐकून मी तिथे पाच मिनिटं रडले. मग आम्ही फक्त चहा मोजला, दिवसाला पाच कप आणि दहा चमचे. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाची सगळी मिळून सहा चमच्यांच्या आत असली तर उत्तम. आता चहाचे तीन कप आणि तीन चमचे आहेत. रात्री अजून जाते कधी कधी डब्यापाशी. ह्यांना उठवते. ते काही बोलत नाहीत, नुसते बसतात ओट्याजवळ स्टूल घेऊन.

वहिनींनी पाठवलेली लिंक मी उघडून बघितली. नाव बदललंय, फोटो बदललाय, आवाज तीच बाई आहे. मी खाली लिहिलं की ह्यांनी माझे 48,068 घेतलेत, दोन मिनिटांत ते उडवलं आणि मला बाहेर काढलं. पुढचा वेबिनार ह्या रविवारी अकरा वाजता आहे. तुमच्या घरात, ओळखीत, कोणी गोड सोडायचं बोलत असेल, विशेषतः बायकांमध्ये, तर त्याच्या आत हे त्यांना वाचायला द्या. आणि कोणी डिपॉझिट भरलं असेल तर कृपया लाजू नका, तक्रार टाका, एकटीच्या अर्जाला ठाण्यात कोणी विचारत नाही.