जॉर्जियातील सरोगसीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

माझे गर्भाशय चव्वेचाळिसाव्या वर्षी काढावे लागले आणि सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपले मूल वाढवण्याचा, विचार आम्ही पक्का केला तोवर मी 51 वर्षांची झाले होते. भारतात 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार पत्नीचे वय 23 ते 50 आणि पतीचे 26 ते 55 असावे लागते, त्यामुळे इथला मार्ग बंद होता. ओळखीतून पुण्यातला एक एजंट भेटला. जॉर्जियात 1997 पासून सरोगसी कायदेशीर आहे आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर थेट आपलीच नावे लागतात, असे त्याने सांगितले. ही माहिती खरी निघाल्यामुळे पुढचे काही पडताळून पाहावे असे आम्हाला वाटलेच नाही.

जून 2023 मध्ये जॉर्जियाचे तत्कालीन पंतप्रधान इराकली गारिबाश्विली यांनी 1 जानेवारी 2024 पासून परदेशी जोडप्यांसाठी सरोगसी बंद करण्याची घोषणा केली आणि लगेच एजंटाचा फोन आला, "ताई, दार बंद व्हायच्या आत नाव लावून टाका." दोन आठवड्यांत आम्ही 11 लाख रुपये भरले. ते जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथल्या क्लिनिकला नव्हे, तर दुबईतील एका सल्लागार कंपनीच्या खात्यात पाठवायचे होते. बँकेतल्या बाईंनी अर्ज भरून घेताना "थेट क्लिनिकच्या नावे का नाही?" असे दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा आम्ही एजंटाने पढवलेले उत्तर दिले. सप्टेंबरमध्ये माझे पती तिबिलिसीला जाऊन वीर्याचा नमुना देऊन आले. क्लिनिक अस्सल होते, त्यामुळे उरलीसुरली शंकाही मिटली.

जानेवारीत एजंट म्हणाला की बंदी लागू झाली, दात्रीच्या स्त्रीबीजापासून तयार केलेले भ्रूण आता केनियातील नैरोबीला न्यावे लागतील आणि त्यासाठी साडेसहा लाख लागतील. प्रत्यक्षात जॉर्जियात तो कायदा संमतच झालेला नव्हता, आणि केनियात तर त्या वेळी सरोगसीचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तिथे जन्मलेल्या बाळाला पासपोर्ट कोणत्या कागदांवर मिळणार, एवढा साधा प्रश्नही आम्ही विचारला नाही. पैसे भरले.

4 मार्चला भ्रूण-प्रत्यारोपण झाल्याचा निरोप आला आणि 8 मे रोजी बारा आठवडे पूर्ण झाल्याचा सोनोग्राफी अहवाल आला. मी तो छापून देवघराच्या खणात ठेवला. जूनमध्ये माझी धाकटी नणंद, जी साताऱ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मुक्कामाला आली, तेव्हा मी तिला तो मोठ्या आनंदाने दाखवला. ती बराच वेळ एकाच आकड्यावर बोट ठेवून बसली. बाळाची लांबी 31 मिलिमीटर लिहिली होती. "वहिनी, हे दहा आठवड्यांचं माप आहे. बारा आठवड्यांना पन्नासच्या पुढे असतं." मग तिने कोपऱ्यातली, रुग्णाच्या नावाची पुसट केलेली जागा दाखवली. त्याच रात्री आम्ही क्लिनिकला ई-मेल केला, जो पहिला हप्ता भरण्याआधीच करायला हवा होता. नमुना साठवलेला आहे, पण भ्रूण कधी तयारच केले गेले नाहीत, असे उत्तर आले.

जाब विचारल्यावर एजंटाने शांतपणे सांगितले, "पोलिसांत जाल, तर व्यावसायिक, म्हणजे पैसे देऊन करवलेल्या, सरोगसीच्या गुन्ह्यात तुम्हीच अडकाल." चार महिने आम्ही तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला, कारण सासर-माहेरी फारसे कुणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक व्हावे असेही वाटत नव्हते. त्याचा सगळा धंदा याच लाजेवर आणि भीतीवर चाललेला आहे, हे मला फार उशिरा कळले. अखेर वकिलांनी दाखवून दिले की त्याच कायद्यात दलालांसाठी 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझी कळकळीची विनंती आहे की वकिलांना आधी भेटा, क्लिनिकशी स्वतः पत्रव्यवहार करा आणि तिसऱ्याच खात्यात एक रुपयाही पाठवू नका.

तक्रार आम्ही नोंदवली आहे. साडेसतरा लाखांपैकी काहीही परत आलेले नाही. देवघरातला तो अहवाल आता तपास अधिकाऱ्यांकडे आहे.