‘दुर्मीळ संक्षिप्त आवृत्ती’च्या नावाखाली बनावट पुस्तक

नाशिकमध्ये जुनी मराठी पुस्तकं शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. एक माणूस गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीची ‘संक्षिप्त शालेय आवृत्ती’ विकतोय. मी ती साडेतीन हजारांना घेतली. ती बनावट आहे.

अशा आवृत्त्या पूर्वी खरंच निघायच्या. जाडजूड कादंबरी शाळकरी मुलांच्या अवांतर वाचनासाठी दीड-दोनशे पानांत बसवायची. मोठं पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं जातं, हे मात्र वर्ष संपलं की रद्दीत जातं. आईने शाळेत तेच वाचलं होतं, तिला तेच हवं होतं. शालिमार, मेनरोड, रविवार कारंजा, सगळीकडे विचारून झालं. शेवटी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौकशी टाकली आणि थोड्याच वेळात मेसेज आला, “ताई, आहे माझ्याकडे. पण पुण्याचे एक सरही मागतायत.”

राहायला पंचवटीत म्हणाला. भेटायला येते म्हटलं, तर म्हणे गावी आलोय, कुरियर करतो. पैसे सगळे आधी, यूपीआयने.

पार्सल आलं. मुखपृष्ठ म्हणजे जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली रंगीत प्रिंट. आतला मजकूर वाचून जास्त चीड आली. संक्षेप करणारा संपादक उपकथानकं काढतो, तुटलेले सांधे स्वतःच्या वाक्यांनी जोडतो. ते कसबाचं काम असतं. इथे मूळ कादंबरीतली प्रकरणंच्या प्रकरणं गाळून बाकीची जशीच्या तशी छापलेली. एक सरदार ज्या लढाईतल्या जखमेबद्दल बोलतो, ती लढाईच पुस्तकात नाही! घरातली मोठी प्रत शेजारी ठेवली, तर ओळीसुद्धा त्याच शब्दावर तुटत होत्या.

मग प्रकाशकाची माहिती असलेलं पान नीट पाहिलं. प्रथमावृत्ती १९६८ आणि खाली पत्ता पुणे ४११०३०. आपल्याकडे सहा आकडी पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला! या पानाचा स्पष्ट फोटो आधी मागाच. ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिसला, तर तोही २००७पासूनचा. पुस्तक हातात घेता आलं तर पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या जुन्या पानावर बहुधा अक्षरांचा दाब जाणवतो. माझ्याकडची पानं गुळगुळीत आहेत. आणि अशी आवृत्ती निघाली होती का, हे पैसे देण्याआधी सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४०पासूनची संस्था आहे आपली.

तक्रार केल्यावर त्याने माफी मागितली आणि क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करून पिन टाका ताई, पैसे परत येतील.” पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. मी नकार दिला, त्याने मला ब्लॉक केलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालंच, तर त्याच क्षणी १९३० लावा. पैसे पुढे काढले जाण्याआधी कळलं तरच ते खात्यात रोखता येतात. चॅट आणि व्यवहाराचा क्रमांक पुसू नका.

त्याने पाठवलेल्या फोटोत मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा डाग आहे आणि वर ‘५ वी ब’ असं पेनने लिहिलंय. परवा एका मैत्रिणीला हाच फोटो दुसऱ्या नंबरवरून आला. तुम्हालाही आला, तर पैसे पाठवू नका आणि तो नंबर मला कळवा. तक्रारीत जोडायचा आहे.