बेरीच्या वासाची टेस्ट करून देणारी लॅब: मशीन झकास, रिपोर्ट अर्धवट

वासाची टेस्ट करून घ्यावी की नाही असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. लॅबचं नाव देत नाही, माणसं कामाची आहेत आणि चुका निम्म्या त्यांच्या निम्म्या माझ्या. पाचपैकी साडेतीन स्टार.

माझं काम स्ट्रॉबेरीच्या नवीन वाणांचं. क्रॉस करायचा, शेकडो रोपं लावायची, त्यातली दहाबारा ठेवायची, बाकीची उपटायची. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, दोन थेंब टाकले की ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, कळतो, पण वासाचं काय? पंधरा रोपांची फळं खाऊन झाली की सोळाव्याला नाक संपावर जातं. आणि वास म्हणजे नुसती हौस नाही, वासाचे काही घटक असे आहेत की साखर तेवढीच असली तरी फळ जास्त गोड लागतं. म्हणून जीसी-एमएसवाल्या लॅबकडे गेलो, म्हणजे वासातले घटक वेगळे करून एकेकाला ओळखणारं मशीन असलेल्या.

फळाचा लगदा छोट्या बाटलीत घेतात, त्यात मीठ घालतात म्हणजे वास रसात न राहता वरच्या हवेत येतो, मग बाटली जरा कोमट करून झाकणातून केसाएवढा बारीक फायबर आत सोडतात, तो अर्धा तास वास शोषून घेतो आणि मग मशीनमध्ये. बाहेर येतो तो सुळक्यासुळक्यांचा ग्राफ, एकेका सुळक्याला पीक म्हणतात, शेतातलं नव्हे. स्ट्रॉबेरीत असे साडेतीनशेच्या वर घटक सापडलेत, पण नाकाला फरक पडतो तो त्यातल्या मोजक्यांनीच.

पहिली बॅच वाया गेली. पिकलेली फळं बर्फाच्या पॅकसोबत कुरियर केली, पोचेपर्यंत निम्मी चेंदलेली, आणि रिपोर्टमध्ये सगळ्या रोपांत हेक्झनाल आणि हेक्झेनाल वरती, म्हणजे कापलेल्या गवताचा वास. मी म्हटलं झालं, माझी अख्खी ओळच गवत निघाली! खरं म्हणजे फळ चेंदलं की त्यातली एन्झाइम्स चरबी तोडतात आणि हा वास तेव्हाच तयार होतो. चूक माझी, पण त्यांच्या सूचनांच्या कागदावर ‘ताजं पाठवा’ एवढंच होतं. दुसऱ्या वेळी तोडल्या तोडल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकली, ड्राय आइसमध्ये पाठवली, तिकडे वितळवताना त्यांनी कॅल्शियम क्लोराइड घालून एन्झाइम्स बंद पाडली, आणि चित्रच पालटलं, फळाचे एस्टर, म्हणजे फळासारखा वास देणारे घटक, वर आले.

पैसे वसूल झाले ते २७ नंबरच्या रोपात. त्याला पीचसारखा वास यायचा, कुणाला सांगितलं तर हसायचे. रिपोर्टमध्ये २७ ला गॅमा-डेकालॅक्टोन, म्हणजे पीचच्या वासाचा घटक, भरपूर, त्याच क्रॉसमधल्या ३१ ला शून्य. फोनवर लॅबच्या ताई म्हणाल्या, ‘अहो, याच्यासाठी पुढच्या वेळी आम्हाला पैसे देऊ नका, पानाचा डीएनए बघा.’ हा वास असणं-नसणं एफएडी१ नावाच्या एका जीनवर ठरतं हे २०१४ मध्येच कळलंय, म्हणजे रोप पोरसवदा असतानाच निवड करता येते, फळाची वाट बघायला नको. स्वतःचं गिऱ्हाईक घालवून खरं सांगणारी लॅब, एक स्टार त्याचाच.

आता राग. टॉप टेनमध्ये चक्क दोन सिलोक्झेन, म्हणजे सिलिकॉनचे घटक! ते फायबर आणि मशीनमधल्या कॉलम नावाच्या बारीक नळीतून येतात, फळात कुठले? घटकाच्या तुकड्यांच्या वजनांत ७३, २०७, २८१ दिसलं की कोणीही ओळखेल, पण सॉफ्टवेअरने साठवलेल्या नमुन्यांच्या लायब्ररीतून जे नाव दिलं ते तसंच चिकटवलेलं. रिटेन्शन इंडेक्सचा, म्हणजे घटक नळीतून कधी बाहेर आला त्यावरून नाव पडताळायच्या आकड्याचा, रकानाच नव्हता, मागितल्यावर तुलनेसाठी अल्केन या ओळखीच्या घटकांचं मिश्रण चालवून दिला आणि दोन नावं बदलली. शिवाय आकडे टक्क्यांत. मोठा सुळका म्हणजे मोठा वास नव्हे हो. रासबेरीतला बीटा-आयोनोन पाण्यात एक अब्जांश भागाच्याही कितीतरी खाली नाकाला कळतो, ग्राफवर उंचवटा बघायला भिंग लागेल. आणि काहींना तो जनुकामुळे येतच नाही, एका रासबेरीवरून मी आणि माझा सोबती दोन हंगाम भांडलो ते यामुळेच असणार.

सगळ्यात खटकलं फ्युरॅनिऑल. स्ट्रॉबेरीचा जळक्या साखरेसारखा वास तो हाच, आणि रिपोर्टमध्ये ‘सापडला नाही’. तो पाण्यात इतका विरघळतो की वरच्या हवेत नीट येतच नाही, सॉल्व्हंटने, म्हणजे विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, काढावा लागतो. मग ‘या पद्धतीत पकडता येत नाही’ असं लिहा ना, सापडला नाही काय!

पुढच्या हंगामात परत त्यांच्याकडेच देणार, पण रॉ फाइल, म्हणजे मशीनची मूळ नोंद, आधीच मागून आणि प्रत्येक रोपाची तीन वेगवेगळ्या दिवशी तोडलेली फळं पाठवून, कारण एकाच रोपाचा वास पिकण्याप्रमाणे बदलतो. ३१ नंबर अजून उपटलेलं नाही. जळक्या साखरेचा वास सगळ्यात जास्त त्यालाच येतो. सॉल्व्हंटवाली टेस्ट झाली की अपडेट टाकतो.